देशाच्या कारभाराला गुण देतं कोण, आणि कशावरून?

ओळंबा (धागाकर्ता)

अमुक देश भ्रष्टाचाराच्या यादीत चार पायऱ्या घसरला, तमुक देश व्यवसायसुलभतेत वीस पायऱ्या चढला, अशा बातम्या दरवर्षी येतात. चढलेल्या यादीचे फलक सत्ताधारी लावतात, घसरलेली यादी घेऊन विरोधक सभागृहात उभे राहतात. पुढच्या वर्षी यादी उलटली की दोघंही आपापली वाक्यं अदलाबदल करून घेतात. एवढ्यावर थांबलं असतं तर मी धागा काढला नसता. पण या आकड्यांवर पैसाही हलतो. अमेरिकेने 2004 मध्ये मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन काढली. गरीब देशांना मोठी अनुदानं द्यायची, पण अट अशी की भ्रष्टाचार-नियंत्रणाच्या गुणांत देश आपल्या उत्पन्नगटाच्या मध्यकाच्या (म्हणजे यादीत बरोबर मधोमध येणाऱ्या गुणाच्या) वर हवा. हे गुण जागतिक बँकेच्या कारभार-निर्देशकांतून घेतले जातात.

हा संच डॅनियल कॉफमन आणि आर्ट क्राय यांनी उभा केला. त्यातली आकडेवारी 1996 पासूनची आहे आणि तिच्यात 200 हून जास्त देश-प्रदेश येतात. गुण सहा बाबींना मिळतात: जनतेचा आवाज व उत्तरदायित्व, राजकीय स्थैर्य, सरकारची कार्यक्षमता, नियमनाचा दर्जा, कायद्याचं राज्य आणि भ्रष्टाचारावर नियंत्रण. प्रत्येक बाबीत साधारण उणे 2.5 ते अधिक 2.5 गुण. तीसेक स्रोत एकत्र करून हे काढतात. त्यात उद्योगांना जोखीम-सल्ला विकणाऱ्या कंपन्यांचे अंदाज आहेत, तज्ज्ञांची मतं आहेत आणि काही लोकसर्वेक्षणंही आहेत.

मला पडलेला प्रश्न असा, की यातलं मोजलेलं किती आणि वाटलेलं किती? सरकार चांगलं चालतंय असं एखाद्या सल्लागाराला वाटणं आणि ते खरंच चालणं, यातलं अंतर कुणी तपासलंय का? जाणकारांनी लिहावं.

शंकासुर | वाटलेलंच सगळं

तपासतंय कोण? राजधानीतल्या चार हॉटेलांत बसणारे लोक एकमेकांना सांगतात, त्याचीच सरासरी काढून दशांशचिन्ह लावतात. दशांशचिन्ह दिसलं की आपण गप्प.

सांख्यिकीवाला | एवढं सोपं नाही

शंकासुर, टोला छान आहे, पण कॉफमन-क्राय यांच्यावर थोडा अन्याय होतोय. त्यांच्या पद्धतीचं एक मोठं श्रेय त्यांना द्यायला हवं. प्रत्येक गुणाशेजारी ते प्रमाणत्रुटी छापतात. अंदाज किती डळमळीत आहे, हे त्यांनी पहिल्यापासून उघड सांगितलंय. वर्तमानपत्रं तो रकाना छापत नाहीत, त्याला ते काय करणार?

तो रकाना पाहिला तर यादीच्या मधल्या भागातले बरेच शेजारी देश एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. 90 वा की 105 वा, हे सांगता येत नाही. वरची टोकं आणि खालची टोकं मात्र नक्की वेगळी असतात. म्हणजे हे साधन डेन्मार्क आणि सोमालियातला फरक दाखवतं, जो आपल्याला आधीच ठाऊक असतो. शेजारच्या दोन मध्यम देशांतला फरक, ज्याच्यावर सगळे भांडतात, तो ते बहुतेक वेळा दाखवू शकत नाही.

दुसरी गोम शून्यात आहे. या पद्धतीत कित्येक वर्षं प्रत्येक वर्षीची जगाची सरासरी शून्य धरली गेली. त्यामुळे सगळ्या जगाचा कारभार एकदम सुधारला असता, तरी सरासरी शून्यच राहिली असती. एखाद्या देशाने जिवापाड मेहनत करून जगाच्या वेगाने सुधारणा केली असती, तरी त्याचा आकडा तसूभर हलला नसता. आणि आपण म्हणालो असतो, दहा वर्षांत काहीच झालं नाही.

तिसरी गोष्ट अशी की सरासरी काढल्याने चुका एकमेकींना खोडतात, पण त्या चुका स्वतंत्र असतील तरच. जोखीम-सल्लागार दुसऱ्या सल्लागाराचा अहवाल वाचून गुण देत असेल, तर तीस स्रोत म्हणजे तीस साक्षीदार नव्हेत. इथे शंकासुरांचा टोला बरोबर बसतो.

खडूफळा | गुण देणाऱ्याच्या बाजूने

मी अशी एक प्रश्नावली 'तज्ज्ञ' म्हणून भरलेली आहे. संस्थेचं नाव सांगत नाही. ज्या विषयावर माझा अभ्यास आहे त्याचे प्रश्न मी व्यवस्थित, कागदपत्रं समोर ठेवून भरले. मग पुढच्या पानांवर न्यायालयं, जकात, पोलीस, तुरुंग. एक ते सात या मापावर गुण द्या. चारच्या आसपास काहीतरी देत सुटलो. 'माहीत नाही' असा पर्याय होता, पण मानधन घेऊन पानभर 'माहीत नाही' लिहायला माणूस लाजतो.

एक खरं सांगतो. त्या वर्षी त्या देशाची अर्थव्यवस्था जोरात होती. 'सरकार धोरणं कितपत परिणामकारकपणे राबवतं' या प्रश्नावर माझ्या मनात पहिला आला तो वाढीचा दर. मार्कस कुर्ट्झ आणि अँड्र्यू श्रँक या अभ्यासकांनी 2007 मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता: कारभाराचे गुण अलीकडच्या आर्थिक वाढीने फुगतात. मग तेच गुण घेऊन 'चांगल्या कारभाराने वाढ होते' हे सिद्ध करायचं, म्हणजे वर्तुळ पूर्ण. कॉफमन-क्राय यांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं, ते दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखं आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर मी कुर्ट्झ-श्रँक यांच्या बाजूचा, कारण मी तो फॉर्म भरलाय.

गिरमिट | रस्ता खणून बघा

मूळ प्रश्न होता, अंतर कुणी तपासलंय का. तपासलंय, आणि अक्षरशः खणून तपासलंय.

इंडोनेशियात 2003-04 च्या सुमारास सहाशेहून अधिक गावांत सरकारी योजनेतून रस्ते बांधले जात होते. बेन ओल्कन या अर्थशास्त्रज्ञाने अभियंत्यांची पथकं पाठवली. पथकाने तयार रस्त्यात ठिकठिकाणी भोकं पाडून नमुने काढले आणि खडी किती, वाळू किती, थर किती जाड ते मोजलं. त्या भागातले साहित्याचे आणि मजुरीचे दर गोळा केले. एवढ्या मालाला खरा खर्च किती यायला हवा होता ते काढलं आणि गावाने दाखवलेल्या खर्चाशी ताडून पाहिलं. मधला फरक म्हणजे गायब पैसा.

आता कुणी म्हणेल, थोडी खडी मातीत जिरते, थोडी वाहून जाते, त्याला चोरी कसं म्हणणार? त्यावरचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. संशोधकांनी स्वतः छोटे चाचणी-रस्ते बांधले, पै न पै हिशोबाने, आणि मग ते खणले. प्रामाणिक रस्त्यातही किती माल 'कमी' दिसतो ते आधी मोजलं आणि तेवढी सूट सगळ्यांना दिली.

काही गावांना आधीच कळवलं होतं की तुमच्याकडे सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. एरवी ही शक्यता सुमारे 4 टक्के असायची, ती 100 टक्के केली. या गावांत गायब खर्च सुमारे 8 टक्के-बिंदूंनी घटला. पण एक भानगड झाली. तिथे पुढाऱ्यांच्या नातलगांना कामावर घेण्याचं प्रमाण वाढलं. पैसा खाता येईना, तर रोजगार घरात वळवला.

आणि ओळंबा, तुमच्या 'वाटणं विरुद्ध असणं' या प्रश्नाचं थेट उत्तर त्याच संशोधकाच्या 2009 च्या लेखात आहे. गावकऱ्यांना विचारलं, या कामात भ्रष्टाचार झाला का? त्यांचं मत खऱ्या गायब पैशाशी जुळत होतं, पण अगदी पुसटसं. त्यातही मजा अशी की दर फुगवला की गावकऱ्यांना लगेच कळायचं, कारण वाळूचा दर सगळ्यांना माहीत. मालाचं प्रमाण फुगवलं की कळायचं नाही, कारण रस्त्याच्या पोटात किती खडी गेली हे वरून बघून कोण सांगणार? म्हणून पुढारी प्रमाण फुगवायचे. लोकमतावर आधारलेला कुठलाही निर्देशांक हीच खाचाखोच चुकवतो. चोर लोकांना दिसेल अशा जागी चोरी करत नाही.

ओळंबा

गिरमिट, हेच हवं होतं. पण रस्ते खणणं दोनशे देशांत कसं करणार? एका देशातल्या एका योजनेचं हे मोजमाप. देशांची तुलना करायची असेल तर पुन्हा मतांकडेच जावं लागतं ना?

मिताक्षरी | पाकिटं

नाही लागत. अल्बर्तो चाँग, राफाएल ला पोर्ता, फ्लोरेन्सियो लोपेझ-दे-सिलानेस आणि आंद्रेई श्लायफर या चौघांनी 159 देशांत पत्रं पाठवली. प्रत्येक देशात दहा, म्हणजे पाच मोठ्या शहरांत दोन-दोन. शहर खरं, पिनकोड खरा, पण कंपनी आणि रस्ता दोन्ही बनावट. पाठीमागे परतीचा पत्ता अमेरिकेतला.

जागतिक टपाल संघाच्या करारात हे सगळे देश आहेत. पत्ता सापडला नाही तर परदेशी पत्र साधारण महिन्याभरात परत धाडायचं, असा नियम सगळ्यांना सारखाच लागू. त्यामुळे कायदा चांगला की वाईट हा वादच शिल्लक राहत नाही. टपाल कर्मचारी आपलं नेमून दिलेलं साधं काम करतात की नाही, एवढंच बघायचं.

वर्षभरात 59 टक्के पत्रं परत आली. तीन महिन्यांच्या आत फक्त 35 टक्के. 21 देशांतून दहाच्या दहा आली, आणि त्यात कॅनडा-नॉर्वेसोबत उरुग्वे, बार्बाडोस आणि अल्जीरियाही आहेत. 16 देशांतून एकही नाही. बहुतेक आफ्रिकेतले, पण कंबोडिया, ताजिकिस्तान आणि रशियासुद्धा.

यात मला भावलं ते हे, की पाकिटात चोरण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणजे शून्य आला तो लाचखोरीमुळे नव्हे. कुणी तरी ते पाकीट एका कोपऱ्यात टाकलं आणि ते का टाकलं हे विचारणारा वर कुणी नव्हता. कारभाराचा बराचसा भाग एवढाच असतो.

सांख्यिकीवाला | दहा म्हणजे फारच थोडी

प्रयोग देखणा आहे, वाद नाही. पण दहापैकी सहा पत्रं आली तर खरं प्रमाण साधारण 26 ते 88 टक्क्यांत कुठेही असू शकतं. एकेका देशाबद्दल यावरून निकाल देऊ नये. देशांचे गट करून (श्रीमंत-गरीब, टपालाची साधनं, नोकरशाहीची रचना) तुलना करायला मात्र ते पुरतं, आणि लेखकांनी मुख्यतः तेच केलंय. उत्पन्न जास्त तिथे पत्रं जास्त आली, पण सगळा फरक काही पैशाने उलगडत नाही.

उंटावरचा शहाणा | पण या सगळ्याचा उपयोग काय?

मी जरा उलटा प्रश्न टाकतो. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या भ्रष्टाचाराच्या यादीत बांगलादेश 2001 ते 2005 सलग शेवटचा होता. त्याच काळात तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू झपाट्याने घटत होते, मुली माध्यमिक शाळेत मुलांच्या बरोबरीने जात होत्या. बालमृत्यू दोन तृतीयांशाने घटवण्याचं संयुक्त राष्ट्रांचं सहस्रक विकास उद्दिष्ट बांगलादेशाने गाठलं. कारभार इतका रसातळाला गेलेला असताना हे कुणी केलं?

चीनचंही तेच. लोकांचा आवाज या बाबीत तळाशी, भ्रष्टाचारातही वर्षानुवर्षं यथातथा, आणि कोट्यवधी लोक दारिद्र्यातून बाहेर. तर मग तुमचं हे मोजमाप नक्की कशाचं?

तळटीप

शहाणे, बांगलादेशात स्वयंसेवी संस्थांनी आरोग्य आणि शिक्षणाचा मोठा वाटा उचलला. सरकारने त्यांना वाट करून दिली, हेही कारभाराचंच एक कौशल्य म्हणता येईल. पण ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. मेरिली ग्रिंडल या अभ्यासिकेने 2004 मध्ये 'पुरेसा बरा कारभार' अशी कल्पना मांडली ती याच वैतागातून. गरीब देशांपुढे सुधारणांची शंभर कलमी यादी ठेवायची आणि सगळीच आधी हवीत म्हणायचं, हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. आधी काय आणि मागाहून काय, हे कुणी सांगत नाही.

उंटावरचा शहाणा

म्हणजे माझंच म्हणणं झालं की!

तळटीप | व्यवसायसुलभतेचं काय झालं ते लिहितो

अर्धं झालं. राहिलेलं अर्धं असं, की मतांपासून पळून कडक नियमांच्या मोजणीकडे गेलं तर काय होतं, तेही बघून झालंय.

जागतिक बँकेचा व्यवसायसुलभता अहवाल 2003 पासून निघू लागला. त्यात मतं नव्हती. एक काल्पनिक, ठरावीक आकाराची कंपनी घ्यायची, देशातल्या सगळ्यात मोठ्या व्यापारी शहरात तिला नोंदणी, वीजजोड, बांधकाम परवाना मिळवायला किती टप्पे, किती दिवस, किती खर्च, ते वकील-लेखापालांकडून लिहून घ्यायचं. ऐकायला किती स्वच्छ! आणि क्रमवारी आल्याबरोबर देशोदेशीच्या सरकारांनी खास कक्ष उघडले. जॉर्जिया एका वर्षात 112 वरून 37 वर आला. इजिप्त 2007 मध्ये 'सर्वाधिक सुधारणा करणारा' ठरला, चारेक वर्षांनी तिथले लोक रस्त्यावर उतरले.

भारताचं उदाहरण घ्या. 142 वरून 63 वर, पाच वर्षांत. मोजणी दिल्ली आणि मुंबई या दोनच शहरांची. आणि ही झेप कुठून आली ते पाहा. बांधकाम परवान्यांत 184 वरून 27 वर. करार पाळायला लावणं, म्हणजे कोर्टात तंटा निकाली लागणं, यात मात्र 163 वा, आणि लागणारे दिवस 1445. परवान्याची खिडकी एका आदेशाने बदलता येते, न्यायालय बदलता येत नाही. क्रमवारी दोन्हींना सारखंच वजन देते.

मेरी हॉलवर्ड-ड्रीमायर आणि लँट प्रिचेट यांनी 2015 मध्ये या अहवालातले 'कायद्याने लागणारे दिवस' आणि प्रत्यक्ष कंपन्यांनी सर्वेक्षणात सांगितलेले दिवस शेजारी ठेवले. दोहोंचा जवळजवळ संबंधच नाही! बऱ्याच देशांत कागदावर कित्येक महिने, प्रत्यक्षात काही कंपन्यांना काही दिवस आणि काहींना वर्षभर. म्हणजे नियम नावालाच, चालतात ते सौदे. कोण कुणाला ओळखतो त्यावर दिवस ठरतात. अशा देशात नियमांची मोजणी करून काय हाती लागणार?

शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. 2018 च्या जानेवारीत बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ पॉल रोमर यांनी चिलीच्या क्रमवारीबद्दल जाहीर माफी मागितली. नंतरच्या बाहेरच्या तपासणीत चिलीबाबत मुद्दाम फेरफार केल्याचा पुरावा मिळाला नाही, पण पद्धत बदलली की क्रम कसा उड्या मारतो हे दिसून गेलं. मग चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकड्यांत गडबड आढळली. चौकशी अहवालानुसार 2018 च्या आवृत्तीत चीन 85 वा यायचा तो 78 वा दाखवला गेला. सप्टेंबर 2021 मध्ये अहवालच बंद केला. 2024 पासून नव्या नावाने, नव्या पद्धतीने सुरू झालाय. त्यात कंपन्यांची सर्वेक्षणंही आहेत, पहिल्या फेरीत 50 अर्थव्यवस्था.

शंकासुर

दंडवत. आकडा दिसला की पुढारी त्याच्या मागे लागतात, कारभाराच्या नाही. 1975 साली ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट हेच म्हणून गेले, पतधोरणाबद्दल का होईना.

कोपऱ्यातली | लोकांनाच विचारा, पण नीट विचारा

मी वाचनमात्र असते, पण सर्वेक्षणांना इथे फारच झोडपताय म्हणून लिहिते. 'तुमच्या देशात भ्रष्टाचार किती?' हा प्रश्न वाईट आहे, मान्य. 'गेल्या वर्षभरात तुम्ही सरकारी दवाखान्यात गेलात का? गेलात तर पैसे किंवा भेट द्यावी लागली का?' हा वेगळा प्रश्न आहे. यात माणूस मत देत नाही, घडलेलं सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतल्या सोळाव्या उद्दिष्टात लाचेचा निर्देशक असाच आहे: ज्यांचा सरकारी माणसाशी संबंध आला, त्यांच्यापैकी किती जणांनी लाच दिली किंवा किती जणांकडे मागितली गेली.

1999 पासून आफ्रिकेत चाललेलं आफ्रोबॅरोमीटर हे लोकसर्वेक्षण बघा. मुलाखत सुरू होण्याआधीच पाहणी करणारा माणूस त्या वस्तीबद्दल स्वतःच्या डोळ्यांनी बघून नोंदी करतो. वीज आहे का, नळ आहे का, शाळा, दवाखाना, पोलीस चौकी जवळपास दिसते का, रस्ता डांबरी आहे का. मत नाही, सल्लागार नाही. आणि शेवटी एक फार हुशार प्रश्न असतो: आम्हाला कुणी पाठवलंय असं तुम्हाला वाटतं? कितीतरी लोक म्हणतात, सरकारने. आता ज्याला समोरचा माणूस सरकारचा वाटतोय, तो सरकारबद्दल काय बोलेल? निदान ते उत्तर हातात असतं, त्यामुळे त्या लोकांची उत्तरं वेगळी काढून तपासता येतात.

यातही चाळणी आहेच. संबंध आला त्यांनाच विचारता, म्हणजे जो लाचेच्या भीतीने दवाखान्याकडे फिरकलाच नाही तो मोजणीतून बाहेर. लाच कमी दिसते, कारण गरीब आधीच परत गेलाय.

खडूफळा

ताई, वाचनमात्र राहू नका. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा.

याच्याच जोडीला: न सांगता जाऊन हजेरी बघणे. बांगलादेश, इक्वाडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या सहा देशांत पाहणी करणारे अचानक शाळांत आणि दवाखान्यांत गेले. 2006 मध्ये निष्कर्ष आले. सरासरी 19 टक्के शिक्षक आणि 35 टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते. भारतात शिक्षकांचा आकडा 25 टक्के, आणि हजर असलेल्यांतही बरेच जण प्रत्यक्ष शिकवताना दिसले नाहीत. हजेरीपटावर सगळं ठाकठीक.

मिताक्षरी | युगांडा

शिक्षणावरून युगांडाची गोष्ट आठवली. रित्व्हा राइनिक्का आणि याकोब स्वेनसन यांनी 1991 ते 1995 या काळात शाळांसाठीचं दरडोई अनुदान केंद्रातून निघाल्यावर शाळेपर्यंत किती पोचतं त्याचा माग काढला. सरासरी 13 टक्के. बऱ्याच शाळांना काहीच नाही. मग सरकारने किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळांनी फलकावर लावलं, आणि 2001 पर्यंत आकडा 80 टक्क्यांच्या वर. 'माहिती दिली की चोरी थांबते' याचं हे पाठ्यपुस्तकी उदाहरण झालं.

सांख्यिकीवाला

पाठ्यपुस्तकांनी पुढचं पान छापलं नाही. पॉल हबर्ड यांनी 2007 मध्ये दाखवलं की त्याच काळात तिथे बरंच काही बदललं होतं. अनुदानाची रक्कम, अर्थखात्याची पद्धत, देणगीदारांचा दबाव, मोफत प्राथमिक शिक्षण. वर्तमानपत्राला सगळं श्रेय देता येत नाही. पण 13 टक्के हा आकडा स्वतः महत्त्वाचा होता. तो कुणाच्या मनातून आला नव्हता, जमाखर्चाच्या वह्यांतून आला होता. कारभार मोजताना मला अशी मोजमापं जास्त पटतात, ज्यात दोन टोकं मोजता येतात: वरून किती सुटलं, खाली किती उतरलं.

गिरमिट | कर आणि वयं

अवांतर नाही, पण थोडं बाजूचं. काही जण म्हणतात, मतं सोडा, सरकारची ताकद करवसुलीत दिसते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के कर गोळा होतो ते बघा. चांगलं माप. पण 2014 च्या एप्रिलमध्ये नायजेरियाने राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचं आधारवर्ष 1990 वरून 2010 वर आणलं, आणि अर्थव्यवस्था कागदावर 89 टक्क्यांनी मोठी झाली. वसूल झालेला कर तेवढाच, छेद जवळपास दुप्पट. म्हणजे नायजेरियाच्या सरकारची 'ताकद' रातोरात अर्ध्यावर आली! घानाचंही 2010 मध्ये असंच झालं होतं, तिथे साधारण 60 टक्के.

त्यापेक्षा मला जनगणनेतली वयं आवडतात. जिथे जन्मनोंदणी नाही आणि सरकारी कागदाशी फारसा संबंध येत नाही, तिथे वय विचारलं की लोक 30, 35, 40 असं सांगतात. 31 आणि 39 वर्षांची माणसं गायब. वयांचा आलेख काढला की पाच-पाच वर्षांवर सुळके दिसतात. सुळके जितके उंच, तितकं सरकारला आपल्या माणसांबद्दल कमी ठाऊक. हे माप शंभर वर्षं जुन्या जनगणनेलाही लावता येतं, आणि ते कुठल्याही पुढाऱ्याला फुगवता येत नाही, कारण तिकडे कुणाचं लक्षच नसतं. निरक्षरतेचा परिणाम त्यात मिसळलेला असतो, तेवढं सांभाळावं लागतं.

उंटावरचा शहाणा | रवांडा सांगा आता

सगळ्यांनी एकेक देश घेतला, मी अवघड घेतो. रवांडात 2006 पासून जिल्ह्यांचे महापौर थेट राष्ट्राध्यक्षांशी कामगिरीचा करार करतात. उद्दिष्टं आकड्यांत, वर्षअखेर जाहीर हिशोब. भ्रष्टाचार-नियंत्रणात आफ्रिकेत वरच्या फळीत. आवाज व उत्तरदायित्व या बाबीत बराच खाली. या देशाचा कारभार चांगला की वाईट? एक आकडा द्या.

कोपऱ्यातली

एक आकडा देणारच नाही. सहा बाबी वेगळ्या ठेवल्यात त्या यासाठीच. आणि ज्या महापौराची खुर्ची उद्दिष्टावर टांगलेली आहे, त्याने कळवलेला लसीकरणाचा आकडा बाहेरून कुणी पडताळला आहे का, हे मी आधी विचारेन. लुईस मार्तिनेझ यांनी उपग्रहातून दिसणारे रात्रीचे दिवे आणि सरकारांनी जाहीर केलेली आर्थिक वाढ यांची तुलना केली. हुकूमशाही राजवटी वार्षिक वाढ साधारण 35 टक्क्यांनी फुगवून सांगतात, असा त्यांचा अंदाज आहे. जिथे आवाज नाही तिथे बाकीच्या पाच बाबींचे गुणही मी जरा हात राखूनच वाचते.

उंटावरचा शहाणा

पण रवांडातल्या घरोघरच्या आरोग्य पाहण्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने होतात. बालमृत्यूतली घट खरी आहे. दिवे मोजून मुलं वाचली नाहीत असं म्हणता येणार नाही.

कोपऱ्यातली

ते मी म्हटलेलंही नाही. बालमृत्यू पडताळता येतो, म्हणून मानते. दारिद्र्याच्या आकड्यांवर तिथे अभ्यासकांचा वाद झालाय, म्हणून तिथे थांबते. देश एकच असला तरी दोन आकड्यांची पत सारखी नसते.

ओळंबा

मंडळी, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच खोल गेला. आता कामाचं विचारतो. मला पुढच्या आठवड्यात जागतिक बँकेच्याच आकड्यांवर टिपण लिहायचंय, दुसरा स्रोत घ्यायची मुभा नाही. रस्ते खणणं, पाकिटं धाडणं मला जमणार नाही. मग निदान काय करू?

सांख्यिकीवाला

पूर्ण फाइल उतरवून घ्या, संकेतस्थळावरचे रंगीत नकाशे नकोत. त्यात प्रत्येक देशापुढे अंदाज, प्रमाणत्रुटी आणि किती स्रोतांवरून तो काढला त्याची संख्या असे रकाने असतात. छोट्या बेटांच्या बाबतीत स्रोत अगदी मोजके असतात, ती ओळ सरळ वगळा. दोन देशांची तुलना करताना प्रमाणत्रुटीमुळे अंदाजाच्या दोन्ही बाजूंना पडणारे दोघांचे पट्टे एकमेकांवर येतात का बघा. येत असतील तर टिपणात कोण पुढे हे लिहू नका. एकाच देशाची दोन वर्षं ताडत असाल तर त्या दोन वर्षांत स्रोत तेच होते का तेही तपासा, कारण कधीकधी देश हललेला नसतो, एक स्रोत गळालेला किंवा नवा आलेला असतो. आणि दुसऱ्या स्रोताची मुभा नाही म्हणालात, पण पुढे कधी ट्रान्स्परन्सीचे जुने गुण शेजारी ठेवायचा मोह झाला तर 2012 च्या आधीचे घेऊ नका. तोवर माप शून्य ते दहा होतं, मग शून्य ते शंभर झालं आणि पद्धतही बदलली. नुसतं दहाने गुणून चालत नाही.

ओळंबा

स्रोतांची संख्या आत्ताच बघितली. माझ्या यादीतल्या दोन देशांना भ्रष्टाचारासाठी तीन-तीनच आहेत. कोणते तीन ते कुठे कळेल?

सांख्यिकीवाला

त्याच पानावर प्रत्येक स्रोताची मूळ आकडेवारी वेगळी ठेवलेली असते, बाबीनिहाय. ज्या कंपन्या पैसे घेऊन विकतात त्यांचीही बरीचशी दिसते. तिन्ही उघडून पाहा, आणि त्यातले किती जोखीम-सल्लागार आहेत ते इथे टाका.